बिलकीसबाईंच्या रिकाम्या नळ्या

शाळेत बिलकीसबाईंना दोन नावं होती. तोंडावर म्याडम आणि पाठीमागं नळीवाल्या बाई. दुसरं नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. त्यांच्या वडिलांना अख्खं उदगीर माईकवाले नजीरभाई म्हणून ओळखत असे. कामावरून नाव पडणं त्या घराला नवं नव्हतं.

नजीरभाई लग्नाला, उरुसाला, गणपतीला आणि निवडणुकीला कर्णे भाड्यानं देत. कार्यक्रम उरकला की तारेची भेंडोळी घरी येत आणि ती कोपर आणि पंजा यांच्यावर गुंडाळून ठेवणं हे मोठ्या मुलीचं काम असे. नजीरभाईंचा एकच दंडक होता. तार माणसाच्या वाटेत यायला नको. मांडवात कुणी तारेला अडखळलं तर ते त्याची माफी मागत आणि मग तार टाकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत. बिलकीस हे ऐकतच मोठी झाली.

दहावीनंतर तिनं मराठी आणि इंग्रजी टायपिंग केलं. डाळीच्या व्यापाऱ्यांनी चालवलेल्या एका संस्थेच्या शाळेला तेव्हा टंकलेखक हवा होता. संस्था लिंगायत व्यापाऱ्यांची. संस्थापक गुंडप्पा यांच्यापुढं माईकवाल्याच्या मुलीचा अर्ज आला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला. त्यांची सून बसम्मा ताक घेऊन आली होती. ती उभ्या उभ्या म्हणाली, "मामंजी, एवढं बगून राहिलात तर चूक सापडली का एखादी?"

"चूक न्हाई."

"मंग बाकीच्यांच्या अर्जात किती हायत?"

गुंडप्पा हसले आणि बिलकीस नोकरीला लागली. हा किस्सा बसम्मानं स्वतः कधी सांगितला नाही. गुंडप्पाच दरवर्षी स्नेहसंमेलनात सांगत, आणि दरवर्षी त्यात ताकाच्या जागी वेगळं काहीतरी असे.

पुढं शाळेला संगणक आले. खोके पुष्कळ दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीत एकावर एक उभे राहिले, कारण फोडल्यावर काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. टायपिंग येणारी एकटी बिलकीस. तिला प्रशिक्षणाला लातूरला पाठवलं. परत आली ती संगणकाची बाई होऊन. एव्हाना तिचं रिजवानशी लग्न झालं होतं. रिजवानचं स्टेशनजवळ चष्म्यांचं दुकान होतं आणि त्याचा स्वभाव दुकानात बसणाऱ्या माणसाचा, म्हणजे निवांत आणि चेष्टेखोर होता.

जुन्या इमारतीतली संगणकांची खोली पत्र्याची होती. तिथं तारा भिंतीवरून खिळ्याखिळ्यानं गेलेल्या असत. उंदीर त्या कुरतडत आणि पोरं त्यांच्यावर ओले रुमाल वाळत घालत. प्रत्येक पावसाळ्यानंतर निम्मे संगणक मुके होत. बिलकीसबाई राहिलेल्या निम्म्यांवर वर्ग चालवत आणि तक्रार करत नसत. तक्रार करायला त्यांना पुढं एक वेगळंच कारण मिळालं.

त्यांच्या भावाची मुलगी रुखसार अभ्यासात हुशार होती. नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा संगणकावर होणार होती आणि तिचं केंद्र नांदेडला आलं. सकाळची पहिली पाळी. म्हणजे आदल्या दिवशी निघायचं आणि कुठंतरी मुक्काम करायचा. भाईजानच्या दुकानात त्या आठवड्यात गर्दी होती, दुसरा पुरुष माणूस मोकळा नव्हता, आणि मुलगी एकटी कशी पाठवायची. बिलकीसबाई म्हणाल्या, मी जाते बरोबर. भाईजान म्हणाले, दोन बायका परक्या गावात मुक्कामाला, लोक काय म्हणतील? परीक्षेचा दिवस येऊन गेला. पुढच्या वर्षी रुखसारचं उमरीला लग्न झालं. बिलकीसबाई लग्नात जेवल्या, मुलीला मिठी मारून परतल्या आणि त्या दिवसानंतर त्यांनी माहिती काढायला सुरुवात केली, की असं परीक्षा केंद्र एखाद्या गावाला मिळतं कसं.

परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर सभ्यपणानं बोलला. प्रत्येक संगणकाला स्वतःची तार हवी. वीज गेली तर बॅटरीवर चालायला हवं. कॅमेरे हवेत. आणि विद्यार्थ्याचा हात पोचेल अशी एकही उघडी तार किंवा भिंतीवरची पट्टी पाहणीच्या वेळी दिसता कामा नये. पत्र्याच्या खोलीकडं बघून बिलकीसबाईंनी फोन ठेवला. त्यानंतर संस्थेनं नवी इमारत बांधायचं ठरवलं आणि त्यांचं नाव नळीवाल्या बाई पडलं.

एव्हाना गुंडप्पा वारले होते. त्यांचे चिरंजीव महादेवप्पा संस्थेचे अध्यक्ष होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. नकाशा मंजूर करायच्या बैठकीला गुत्तेदार शिवप्रसाद निळ्या कागदाची गुंडाळी घेऊन आला. शिवप्रसाद तालुक्यातल्या निम्म्या इमारतींचा गुत्तेदार. कुठलीही अडचण आली की त्याचं उत्तर तयार असे: करून टाकू.

बिलकीसबाईंनी विचारलं, "यात संगणकाच्या तारा कुठून जातात?"

"म्याडम, आता तारा कुठं राहिल्या? सगळं हवेतून येतं."

"हवेतून येतं ते दारापर्यंत. पुढं सगळी पोरं एकाच दारातून घुसली की काय होतं, ते मधल्या सुट्टीत बघा."

अप्पा हसले. त्यामुळं बाकीचेही हसले.

"मंग काय करायचं म्हणता?" अप्पांनी विचारलं.

"खाली जिन्याजवळ एक लहान खोली तारांची. तिथून वर प्रयोगशाळेत आणि प्रत्येक वर्गात जाणारी नळी. विजेची वेगळी, ही वेगळी. स्लॅब टाकायच्या आधीच लोखंडाच्या जाळीत बांधून टाकायच्या. वरचा मजला झाला की मग तारा ओढायच्या."

"म्हणजे आता त्यात काय घालायचं?"

"आता काही नाही. रिकाम्या नळ्या."

"रिकाम्या?" शिवप्रसाद म्हणाला. "अप्पा, लोक भिंतीत सोनं पुरतात. म्याडम हवा पुरून राहिल्यात."

या वाक्यावर बैठक बराच वेळ हसली. बिलकीसबाईंनी हसणं संपू दिलं आणि पुन्हा तेच सांगितलं. पुढच्या बैठकीत पुन्हा. त्या कधी आवाज चढवत नसत. फक्त दर वेळी शेवटी म्हणत, "तेवढ्या रिकाम्या नळ्यांचं बघा." शेवटी अप्पांनीच कंटाळून शिवप्रसादला सांगितलं, "घाल बाबा त्यांच्या रिकाम्या नळ्या. न्हाई तर माझ्यावर रिटायर व्हायची पाळी यायची."

नळ्या बांधायचं काम अबुजर नावाच्या वायरमनला मिळालं. त्याचं नाव बिलकीसबाईंनीच सुचवलं होतं. तो त्यांचा नातेवाईक नव्हता, जुना विद्यार्थी होता. तरीही शिवप्रसाद कुणाशीतरी बोलताना म्हणालाच, की म्याडमनी आपला माणूस आणला. ते बाईंच्या कानावर येईल अशा बेतानंच तो बोलला होता.

स्लॅबच्या दिवशी सकाळी बिलकीसबाईंचे वर्ग जुन्या इमारतीत चालू होते. अबुजरनं आदल्या दिवशी सगळं बांधून, नळ्यांची वर आलेली तोंडं सिमेंटच्या पोत्याच्या कागदानं बुजवून ठेवली होती. खाली अध्यक्षांची खोली होणार होती, तिच्या कोपऱ्यावर त्या सगळ्या एका ओळीत जाळीतून वर डोकं काढून उभ्या होत्या. तिथून त्या वरच्या मजल्याच्या भिंतीत जायच्या होत्या. अप्पांनी नारळ फोडला. बसम्मा पूजेला आल्या होत्या. कामावरच्या सगळ्यांना शिरा वाटला. बिलकीसबाई दुपारी पोचल्या तेव्हा निम्मा स्लॅब पडला होता. विठाबाई नावाच्या मजुरणीनं त्यांच्यासाठी द्रोण राखून ठेवला होता. शिरा चांगला झाला होता.

पुढं स्लॅबवर मातीची आळी करून पुष्कळ दिवस पाणी साठवलं. मग वरचा मजला चढला. गिलावा झाला, फरशा बसल्या, रंग लागला. अध्यक्षांच्या खोलीला पीओपीचं छत झालं आणि मधोमध मोठं सूर्यफूल आलं. अप्पांनी ते सूर्यफूल अनेकांना खुर्चीत मागं रेलायला लावून दाखवलं. समोरच्या भिंतीवर गुंडप्पांचा फोटो लागला.

बिलकीसबाईंनी केंद्रासाठी अर्ज केला. पाहणीची तारीख आली. अबुजर तारा ओढायला आला.

नळीत आधी एक लवचिक लांब पट्टी सरकवतात. तिला स्प्रिंग म्हणतात. ती दुसऱ्या तोंडातून बाहेर आली की तिच्या टोकाला तार बांधून ओढून घ्यायची. अबुजरनं पहिल्या नळीत स्प्रिंग घातली. ती भिंतीतून खाली गेली आणि थांबली. दुसरी नळी. तीही तिथंच थांबली. मग तिसरी. तो दुपारभर त्याच भिंतीपाशी बसून होता आणि शेवटी त्यानं बाईंना बोलावलं.

"म्याडम, सगळ्या एकाच जागी अडकून राहिल्यात. स्लॅबमधल्या वळणावर."

शिवप्रसादही आला. त्यानं खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. "काँक्रीट शिरलंय आत. जोड नीट केला नसंल ह्यानं. मी सांगत होतो."

"जोड मी स्वतः चिकटवलेत, शेठ."

"मंग काय काँक्रीट चावी लावून आत गेलं?" शिवप्रसाद बाईंकडं वळला. "टेन्शन घेऊ नका म्याडम. भिंतीवरून, जिन्याच्या कडेनं पट्टी मारून देतो तारांना. करून टाकू."

"वरून चालत नाही. पाहणीत तेच बघणार आहेत."

"मंग अप्पांना सांगा, रिकाम्या नळ्या रिकाम्याच राहिल्या म्हणून."

तो गेल्यावर अबुजरनं शेजारच्या पंक्चरवाल्याकडून हवेचा पंप आणला. हवा आत गेली आणि आतूनच परत तोंडावर आली. तिच्याबरोबर एक वास आला. आंबूस, कोंदट, भिजलेलं काहीतरी विसरून राहिल्याचा. अबुजरनं स्प्रिंगच्या टोकाला आकडा वळवला, आत घातली, फिरवली आणि ओढली. टोकाला चिकटून काळपट साल आलं. मग अर्धा दाणा. त्याला वाळलेला मोड होता.

बिलकीसबाईंनी तो तळहातावर घेतला आणि उजेडाकडं धरला.

"हरभरा," त्या म्हणाल्या.

"उंदीर?" अबुजर म्हणाला.

"उंदीर हरभरा खातो. सगळ्या नळ्यांत वाटून ठेवत नाही."

विठाबाई खालच्या वर्गात फरशी पुसत होती. बांधकाम संपल्यावर शाळेनं तिला झाडलोटीला ठेवून घेतलं होतं. बाईंनी तिला वर बोलावलं आणि दाणा दाखवला. विठाबाईनं तो बघितला, पदर सावरला आणि मोठ्या सहजपणानं सांगितलं, "ह्ये अव्वांनी टाकलेले हायत. स्लॅबच्या दिवशी."

"कोणत्या अव्वांनी?"

"किती अव्वा हायत शाळेला? बसम्मा अव्वांनी. मला म्हणल्या, ते कागदाचे बोळे काढ. मी काढले. त्यांनी हरेक नळीत मूठ मूठ हरभरा टाकला. मी परत बोळे घातले. चांगले दाबून घातले बरं, तुमच्या अबुजरसारखे सैल न्हाई."

"कशाला पण?"

"रिकामं कसं पुरायचं बाई?" विठाबाईला प्रश्नच समजला नव्हता. "शेजारणीचं वाडगं तरी रिकामं परत देतो का आपण?"

झालं होतं ते आता स्पष्ट होतं. हरभरा उभ्या नळीतून घरंगळून स्लॅबमधल्या वळणावर साठला. आळ्यातलं पाणी कागदाच्या बोळ्यातून झिरपलं. हरभरा फुगला, त्याला मोड आले, आणि मग तो वाळून नळीत पाचरीसारखा बसला. बसम्मांच्या घरची दाळमिल होती. हरभरा पहिल्या प्रतीचा असणार, यात शंका नव्हती.

संध्याकाळी रिजवाननं बायकोचा चेहरा बघून विचारलं. तिनं सांगितलं. तो हसला, मग तिच्याकडं बघून थांबला.

"तो बोल दो ना अप्पा को. उनके घर का चना, उनके घर की नली. तुमारा क्या?"

"काय बोलू? तुमच्या बायकोनं शाळा बुजवली?"

"नको बोलू मंग. अबुजरचं नाव खराब होऊ दे."

बिलकीसबाईंनी मनात दोन्ही बाजू तोलून बघितल्या. न सांगावं तर दोष अबुजरवर राहणार आणि केंद्र जाणार. सांगावं तर ज्या बाईमुळं त्या या शाळेत आल्या, तिच्या श्रद्धेवर भर समितीत बोट ठेवायचं. आणि ते ठेवणार कोण, तर बिलकीस. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं तर ती शाळेतली गोष्ट राहिली असती. त्यांनी ठेवलं तर ती गावातली गोष्ट होणार होती. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या उदगीरमध्ये जन्मल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी त्या बसम्मांच्या घरी गेल्या. बसम्मा सोप्यात बसून डाळीतले खडे काढत होत्या. घरची मिल असूनही घरची डाळ त्या स्वतः निवडत.

"ये ग. बस. चहा घेती का ताक?"

"काही नको, अव्वा."

"काही नको म्हणणारी माणसं काहीतरी मागायला आलेली असतात."

बिलकीसबाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि उघडून त्यांच्यापुढं ठेवली. बसम्मांनी दाणा उचलला, चष्मा वर करून बघितला.

"सडलाय. कुठला ह्यो?"

"शाळेतल्या नळीतला."

बसम्मांचा हात सुपावर थांबला. त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही.

"अडकला?"

"सगळ्या नळ्यांत. फुगून बसलाय. तार जात नाही."

"अय्यो." बसम्मांनी दाणा परत पुडीत ठेवला. मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "पण चूक तुझी हाय."

"माझी?"

"तूच ना घोकत होतीस, रिकाम्या नळ्या, रिकाम्या नळ्या? अप्पा जेवायला बसले की रोज तेच. आज पुन्हा त्या बाईच्या रिकाम्या नळ्या. मला वाटायचं, शाळेचं घर बांधून राहिलेत आन् ही बाई त्यात रिकामपण काहून पुरून राहिली? पाळणा रिकामा हलवत न्हाईत. सूप रिकामं पाखडत न्हाईत. मंग लेकरांच्या शाळेत एवढ्या रिकाम्या नळ्या? म्हणलं, तिला कळत न्हाई, आपण मूठ मूठ दाणे घालू. कुणाला सांगायचं काय कारण?"

"अव्वा, त्या रिकाम्या नव्हत्या. त्यात तारा यायच्या होत्या."

"मंग राखीव म्हणायचं होतंस." बसम्मा रागानं नाही, शिक्षकानं फळ्यावरची चूक दाखवावी तसं म्हणाल्या. "यष्टीत सीटवर लिवलेलं असतं का न्हाई? तिथं कुणी बसतं का? राखीव म्हणली असतीस तर राखलेल्या जागेत मी कशाला हात घातला असता? रिकामं येगळं आन् राखलेलं येगळं."

इतक्या बैठकांत बिलकीसबाईंनी तोच एक शब्द वापरला होता आणि तो आपण कधी बदलू शकलो असतो, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"आता काय करायचं म्हणतेस?" बसम्मांनी विचारलं.

"वळणापाशी फोडावं लागेल. वरून भिंत आहे. खालूनच फोडता येईल. अप्पांच्या खोलीच्या छतातून."

"सूर्यफुलातून?"

"कोपऱ्यातून. पण पीओपी निघेल तिथलं."

बसम्मा हसू आवरत होत्या असं बिलकीसबाईंना वाटलं, पण खात्री नव्हती. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आतून चपला मागवल्या.

अध्यक्षांच्या खोलीत शिवप्रसाद आधीच बसलेला होता. अबुजरला दाराशी उभं केलं होतं. अप्पा त्याला विचारत होते, काम येत नव्हतं तर घेतलं कशाला. तो खाली बघून गप्प होता. आदल्या दिवशी बाईंनी त्याला कुणालाच काही बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं.

बायकोला शाळेत बघून अप्पा उठून उभे राहिले. बसम्मा पूजा नसताना शाळेत कधी येत नसत.

"तू इकडं?"

"त्या पोराला आत घ्या. बाहेर उभा करू नका." बसम्मा खुर्चीवर बसल्या. "नळ्या मी बुजवल्या."

शिवप्रसादनं अप्पांकडं बघितलं आणि मग खिडकीकडं.

"तू कशा बुजवशील?"

"हरभऱ्यानं."

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही आणि क्षमाही मागितली नाही. मजुरणीनं बोळे काढले, मी दाणे टाकले, पाण्यानं फुगले. अप्पा ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "कोणता हरभरा?"

"आपल्या गोदामातला. त्यानं काय फरक पडतोय?"

"फरक असा, की तो फुगतो किती, ते मला माहीत हाय." अप्पा खाली बसले. मग बिलकीसबाईंकडं वळले. "तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"आन् माझ्याकडं न येता हिच्याकडं गेलात."

"अव्वांची गोष्ट अव्वांना आधी कळायला हवी होती."

शिवप्रसाद पुढं सरकला. "अप्पा, मी म्हणतो, छत कशाला फोडायचं? एवढं काम केलेलं. जिन्यावरून पट्टी मारून देतो. एक केंद्र आलं काय, न्हाई आलं काय."

"केंद्र न्हाई आलं तर काय होतं म्याडम?" अप्पांनी विचारलं.

बिलकीसबाईंना रुखसारचं सांगता आलं असतं. त्यांनी ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "काही होत नाही. पोरं लातूरला, नांदेडला जातात. पोरी जात नाहीत."

पंखा फिरत होता. अप्पांनी मागं रेलून छताकडं बघितलं, तसे ते पाहुण्यांना दाखवताना बघत. सूर्यफुलाच्या पाकळ्यांना सोनेरी कडा होती.

"आबांचा फोटो खाली घ्या," ते म्हणाले. "धूळ बसंल."

अबुजरनं फोटो उतरवला. बसम्मांनी तो पदरानं पुसून मांडीवर घेतला आणि अप्पा छन्नी लागेपर्यंत खोलीतून गेले नाहीत. छताचा कोपरा निघाला तेव्हा सूर्यफुलाच्याही दोन पाकळ्या गेल्या. शिवप्रसाद म्हणाला, नंतर लावून देतो. त्या अजून लागलेल्या नाहीत.

वळणाचे तुकडे कापून काढले तेव्हा आतून हरभऱ्याच्या कडक वड्या निघाल्या. एक नळी सोडून सगळ्या मोकळ्या झाल्या. ती एक नेमकी अध्यक्षांच्याच खोलीसाठी होती आणि तिच्यात खरोखर काँक्रीट शिरलेलं होतं. अबुजरनं ते स्वतःहून सांगितलं. अप्पा म्हणाले, राहू दे. मला काय करायचीय तार?

पाहणीला दोन तरुण आले. त्यांनी टेबलांखाली वाकून बघितलं, बॅटऱ्या बघितल्या, एका वर्गात वीज बंद करून बघितली. अध्यक्षांच्या खोलीत चहा घेताना त्यांतल्या एकानं फुटक्या छताकडं बघितलं, पण विचारलं नाही. महिन्याभरानं केंद्र मंजूर झाल्याचं कळलं. बिलकीसबाईंनी मागितल्या होत्या त्यापेक्षा जागा कमी मिळाल्या.

पहिली परीक्षा रविवारी होती. फाटक उघडायच्या आधीपासून बाहेर मोटारसायकली लागल्या. देगलूरकडून, जवळच्या खेड्यांतून बाप आपापल्या मुलींना घेऊन आले होते. मुली आत गेल्या, चपला बाहेर काढल्या, आपल्या नंबरापुढं बसल्या. पडदे उजळले. बिलकीसबाई दाराशी उभ्या राहून आतल्या रांगा बघत होत्या. तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं.

फाटकाजवळ उन्हात उभ्या असलेल्या माणसांपैकी एक जण रुमालानं मान पुसत आत आला होता.

"म्याडम, पोरींचं लई चांगलं केलंत. पण आम्हा बापलोकांच्या बसायचं काय? तीन घंटे तिथं उभं राहायचं म्हणजे..."

बिलकीसबाईंनी फाटकाकडं बघितलं. नव्या इमारतीच्या नकाशात प्रत्येक तारेची जागा त्यांनी ठरवली होती, पण बापांची जागा कुणीच धरलेली नव्हती. त्यांनी विठाबाईला हाक मारून जुन्या इमारतीतली पत्र्याची खोली उघडायला सांगितली.

"तिथं पंखा हाय का?" माणसानं विचारलं.

"पंखा आहे," त्या म्हणाल्या. "चालू होतो का, ते बघावं लागेल."